हात कुठे थांबवायचा

वहिनींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि तो पाण्यापासून सुरू व्हायचा. इमारतीखालच्या सामाईक नळाला त्या वेळी धार असायची. उजाडल्यावर नुसती शिट्टी. बादल्या भरायच्या, दोन जिने चढायचे, मोठं पातेलं स्टोव्हवर ठेवायचं. सासूबाई संधिवाताने आखडलेल्या. गरम पाण्याने शेकल्याशिवाय त्यांचे गुडघे सरळ होत नसत. पाणी तापेपर्यंत वहिनी उभ्याउभ्या चहा घ्यायच्या. बसल्या असत्या तर पुन्हा उठायला जोर लागला असता, आणि तो जोर त्यांना पुढच्या कामासाठी हवा असायचा.

त्यांचा नवरा वेल्डर होता. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी फिटर आणि तो माझा जोडीदार. मी आवळायचो, तो जोडायचा. छातीच्या दुखण्याने तो गेला, तेव्हा वहिनी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. मी संस्थेत शब्द टाकला आणि त्यांना रोजंदारीवर घेतलं. काम ऐकून त्या हसल्या होत्या.

"नुसतं वाटायचं? खलबत्त्यात?"

"नुसतं वाटायचं. पण थंडीत."

"थंडीचं काय एवढं! दगड फोडणारीला कोंब वाटायला कसला त्रास?"

त्रास होता. तो दोघांनाही नंतर कळला.

संस्थेत एक मॅडम होत्या. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. हुशार, साध्या, घाबरट. त्यांचं काम वाटाण्याच्या कोंबांवर चालायचं. भिजवलेले वाटाणे ओल्या भुशाच्या ट्रेमध्ये पेरायचे आणि ट्रे काळोख्या खोलीत ठेवायचे. उजेड अजिबात नाही. त्यामुळे कोंब हिरवे होत नसत. फिकट, लांबुडके, आजारातून उठल्यासारखे दिसायचे. मॅडम पेशीतलं एक इवलंसं यंत्र शोधत होत्या, आणि हिरव्या पानात उजेडावर चालणारं तसलंच दुसरं एक यंत्र असतं. मॅडमना हव्या असलेल्या यंत्राशी त्याचं फार साम्य. दोन्ही मिसळली तर कुठलं कुठलं ते कळायचं नाही. म्हणून काळोख.

वहिनी सहाच्या आत पोचायच्या. काळोख्या खोलीत मिणमिणत्या हिरव्या दिव्यात, तेवढ्याने कोंब हिरवे होत नसत, कोंब कापायच्या, धुवायच्या आणि थेट शीतखोलीत जायच्या. शीतखोली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा फ्रीज. तोंडातून वाफ निघते, नाकाचा शेंडा बधिर होतो. आत जाताना वहिनी स्वेटरवर नवऱ्याचं वेल्डिंगचं चामडी जाकीट चढवायच्या. त्यावर ठिणग्यांचे डाग होते. आगीपासून वाचायला शिवलेलं जाकीट थंडीत वापरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. हातमोजे मात्र त्यांना चालत नसत. बत्ता निसटतो म्हणायच्या. उघड्या बोटांनी चिनीमातीचा गार बत्ता धरायच्या.

खलात कोंब, धुतलेली बारीक वाळू आणि साखर-क्षारांचं बर्फगार पाणी. हे वाटायचं. मग चार पदरी मलमलीतून गाळायचं. गाळलेलं पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे बाटल्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, आधी हळू फिरवायचं. वाळू, पिठूळ गाळ आणि पेशींचे तुकडे खाली बसतात. वरचं पाणी ओतून घेऊन तेच पुन्हा जोरात फिरवायचं. बाटलीच्या तळाशी फिकट तपकिरी ठिपका राहतो, नखाएवढा. एवढ्या ढीगभर कोंबांतून एवढंच. तो ठिपका म्हणजे तंतुकणिका. पेशीच्या आत असतात त्या, पेशीसाठी इंधन तयार करणाऱ्या.

वाटण्यात खरी मेख होती. पेशी फुटली पाहिजे, पण आतली तंतुकणिका फुटता कामा नये. पोतं फाडायचं आणि आतल्या मडक्यांना तडा जाऊ द्यायचा नाही. कमी वाटलं तर ठिपका पडत नाही, जास्त वाटलं तर पडतो तो फुटक्या मडक्यांचा. नट आवळतानाही असंच असतं. शेवटचा पाव फेरा कुठे सोडायचा हे कळत नाही तो आटे घालवतो, आणि वर म्हणतो, मी भरपूर जोर लावला. वहिनींना ते पहिल्या महिन्यात जमलं. गोल, सावकाश, मग थोडा थांबा. पुन्हा गोल. मॅडम म्हणाल्या होत्या, "मावशींच्या हाताला डोळे आहेत."

त्या तंतुकणिकेत मॅडमना नेमकं काय हवं होतं, ते मला एका पंपामुळे समजलं.

मागच्या आवारातला पाण्याचा पंप बिघडला होता. पंपाला जमिनीशी धरून ठेवणारे पायाचे बोल्ट गंजून गेलेले, ते मला दिसले नाहीत. मी बटण दाबलं आणि अख्खा पंप जागच्या जागी गरकन वळला. पाइप उखडला. मी नखशिखान्त भिजलो. खिडकीतून मॅडम ओरडल्या, "हेच! अगदी हेच!" आणि धावत खाली आल्या. मला वाटलं, लागलंय का म्हणून विचारतील. त्या पंपाकडेच बघत होत्या.

"फिटरदादा, बोल्ट नसले की दांड्याबरोबर पंपच फिरतो आणि पाणी चढत नाही. बरोबर?"

"चढलं ना. माझ्या अंगावर."

मग त्यांनी तिथेच ओल्या जमिनीवर काटकीने चित्र काढलं. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात एक चाक असतं. पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे कण दाटीवाटीने साठतात. ते पलीकडे जाताना चाक फिरवतात. चाकाला दांडा, आणि दांड्याचं वरचं टोक एका सहा पाकळ्यांच्या डोक्यात घुसलेलं. दांडा आत फिरला की पाकळ्या आळीपाळीने उघडतात, मिटतात, आणि त्या उघडमिटीत एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन. मूळ पाणी ओढतं, कोंब माती फोडून वर येतो, ते सगळं त्याच्यावर.

"आणि दांड्याबरोबर डोकंच फिरलं तर?" मी विचारलं.

"तर तुमचा पंप."

"मग इथे पायाचा बोल्ट कोण?"

मॅडमनी डोक्याच्या वर एक छोटी टोपी काढली आणि चाकाच्या बाजूने पडद्यातून वर येणारा एक खांब. खांब टोपीला धरतो, टोपी डोक्याला धरते. म्हणून डोकं जागेवर राहतं आणि दांडा आतल्या आत फिरतो. ती टोपी म्हणजे या यंत्राचा एक उपघटक. प्राण्यांमधली टोपी लोकांनी पुष्कळ अभ्यासली होती. झाडांमधली कशी बसते, खांबाला कुठे कुठे धरते, हे मॅडमना पाहायचं होतं. ती कमी पडली तर पानांचा आकार बिघडतो, रोपाची वाढ अडते, असं त्या म्हणाल्या.

"म्हणजे बाकी सगळे फिरतात, उघडतात, मिटतात, आणि टोपी नुसती बसून?"

"बसून नाही. धरून. हलायचं नाही, एवढंच तिचं काम. पण ते तिने केलं नाही तर बाकीच्यांचं काम फुकट."

वहिनी मलमलीचे धुतलेले तुकडे वाळत घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मॅडम, तुमची टोपी आमच्या घरी आहे. जागची हलत नाही आणि अख्खं घर तिच्याभोवती फिरतं."

मॅडम इतक्या हसल्या की कपाळावरचा चष्मा खाली पडला.

त्या हसण्याला काही महिने झाले आणि गोष्टी बिनसल्या. मॅडमच्या कामाला बाहेरून पैसा मिळत होता, आणि वर्षअखेर तज्ज्ञ येऊन काम बघणार होते. त्याआधी एक मोठी खेप, म्हणजे एकदम खूप कोंबांचं वाटण, चांगली उतरायला हवी होती. ती दुसऱ्या शहरात जाणार होती. तिथे पेशीतलं हे यंत्र गोठवून त्याचे फोटो काढतात. खेप उतरली नाही तर काम बंद. काम बंद म्हणजे वहिनींची रोजंदारी बंद. कार्यालयातल्या हेडक्लार्कने वहिनींना स्वच्छ सांगितलं होतं, "टिकलं तर पुढे कायम व्हाल. नाही टिकलं तर खडी आहेच."

वहिनींनी कायम झाल्यावर करायची एकच गोष्ट ठरवली होती. घरात गरम पाण्याचा नळ. गच्चीच्या टाकीतून पाइप, भिंतीवर गीझर, खाली नळ. पहाटेच्या बादल्या नकोत, जिने नकोत, स्टोव्ह नको. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण सासूबाईंनी ते पाठ केलं होतं. कोणीही आलं की म्हणायच्या, "आमच्याकडे नळ येणार आहे. मी आधी जाते की नळ आधी येतो, एवढंच बघायचंय."

मोठ्या खेपा बिघडत होत्या. रोजच्या छोट्या खेपा चांगल्या निघायच्या, मोठ्या खेपेच्या दिवशी हमखास माती. परीक्षा कशी करायची ते मॅडमनी मला दाखवलं होतं. यंत्र उलटं चालवायचं. त्याला तयार इंधन द्यायचं. ते जाळतं, आणि इंधन जळेल तशी मापकाच्या कागदावर पेनाची रेघ उतरत जाते. मग एक औषध टाकायचं. ते औषध खालच्या चाकाला अडवतं. टोपी, खांब, डोकं सगळं जागच्या जागी असेल तर चाक अडलं की वरचं जाळणंही थांबतं. रेघ आडवी होते. पण डोकं सुटलेलं असेल तर त्याला चाकाची पर्वा नसते. औषध टाका नाहीतर पाणी टाका, ते आपलं जाळतच राहतं. रेघ उतरतच राहते.

"थांबलं तर चांगलं," मॅडम म्हणायच्या. "थांबता येतंय म्हणजे धड आहे."

मोठ्या दिवशी ते थांबत नव्हतं. मॅडमनी क्षार बदलले, वाटाणे बदलले, सेंट्रीफ्यूज माझ्याकडून दोनदा उघडून घेतलं. सेंट्रीफ्यूजमध्ये काही नव्हतं. दर मोठ्या दिवशी वहिनी आणखी लवकर यायच्या. त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. वाटून बाहेर आल्या की हात काखेत दाबून भिंतीला टेकायच्या.

मग एका मोठ्या दिवशी शीतखोलीचा पंखा आवाज करू लागला म्हणून मला बोलावलं. मी बाहेरच्या बाजूला पत्रा उघडून बसलो होतो. पत्रा उघडा असला की आतलं सगळं ऐकू येतं. वहिनी वाटत होत्या. गोल, सावकाश, थांबा. गोल, सावकाश, थांबा. यंत्र नीट चाललंय की नाही हे मी आयुष्यभर कानानेच ओळखलं आहे, आणि हे नीट चाललं होतं. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. मॅडम आत गेल्या. मोठ्या दिवशी त्या आत जाऊन वहिनींच्या शेजारी उभ्या राहायच्या. त्या आत गेल्या आणि आवाज बदलला. थांबा गेला. गोल गेलं. खट, खट, खट. दगडावर दगड.

दुपारी चहाला मी वहिनींना म्हणालो, "मॅडम आल्या की तुम्ही कुटता."

"काय?"

"एरवी वाटता. त्या आल्या की कुटता. मी ऐकलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "फिटरदादा, समोर मालक उभा असताना हात थांबवायचा? मुकादम दिसला की आम्ही दोन घाव जास्त घालायचो. कोणी सांगायचं नाही. आपली आपल्याला लाज."

"त्या लाजेनेच मडकी फुटतायत."

"म्हणजे मी कामचुकार नाही, ही माझी चूक?"

"तसं नाही म्हणालो."

"तसंच म्हणालात. तुमच्या मित्राच्या बायकोला सांगताय, हात आवर. तो असता तर बोलला असता का असं?"

तो बोलला नसता. तो कमी बोलायचा. वहिनी उठून गेल्या आणि मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. समोरून आल्या तर कोपऱ्यावरून वळायच्या. त्या रागावल्या त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे विकायला फक्त मेहनत आहे, त्याला मेहनत कमी कर म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलण्यासारखंच.

त्यांच्या घरच्या स्टोव्हचा बर्नर चोंदला, तेव्हा निरोप सासूबाईंनी पाठवला. सून बोलत नसली तरी स्टोव्हला कोणीतरी हवंच होतं. सुट्टीचा दिवस होता. मी पिन आणि पाना घेऊन गेलो. एकच खोली, एका कोपऱ्यात पडदा लावून केलेली मोरी. पडद्याआड वहिनी सासूबाईंच्या पाठीला गरम पाण्याचा बोळा लावत होत्या. मी दाराशी स्टोव्ह घेऊन बसलो.

"कोण आलंय गं?" आतून म्हातारीचा आवाज.

"फिटर आलेत. स्टोव्हला."

थोडा वेळ गेला आणि म्हातारी किंचाळली. "अगं, अगं! सालं काढतेस की काय माझी? बटाटा आहे का मी?"

"हळूच चोळतेय."

"मेली हळू! एकटी असलीस की लोण्यासारखा हात असतो. शेजारीण आली, वाणी आला, आता हा फिटर आला, की लगेच खसाखसा! कोणाला दाखवायचं असतं गं, की बघा मी सासूचं किती करते? चोळायचं मला आहे की त्याला?"

मी पिन बर्नरमध्ये खुपसून तशीच धरून ठेवली. हसू येत होतं, पण हसलो असतो तर तो उंबरठा पुन्हा ओलांडता आला नसता.

मग पडद्याआडून वहिनीच हसल्या. आधी नाकातून, मग मोठ्याने. म्हातारी म्हणाली, "यात हसण्यासारखं काय झालं? पाणी गार होतंय."

वहिनी ओले हात पुसत बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा घेणार?"

"स्टोव्ह उघडा पडलाय."

"मग लावा आधी. आणि गप्प बसा."

मी काही बोललोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. जाताना मला हाताने खूण केली, चला. आत गेल्यावर मात्र जाकिटाची कड चाचपत उभ्या राहिल्या.

"मॅडम, मोठ्या दिवशी तुम्ही आत येऊ नका."

मॅडम दचकल्या. "का? माझं काही चुकतंय का?"

"माझ्या हाताचं चुकतंय. तुम्ही समोर असलात की तो थांबत नाही. मला वाटतं, थांबले तर मॅडम म्हणतील, बसून पैसे घेते."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला.

"मावशी, मी आत का येते माहीत आहे?"

"काम बघायला."

"तुमचं काम मी काय बघणार! मला लाज वाटते म्हणून येते. तुम्ही आत गारठता आणि मी इथे हीटरपाशी बसते. रोज धीर होत नाही. निदान मोठ्या दिवशी तरी तुमच्यासोबत थंडीत उभं राहावं, म्हणून येते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. दोन बायका, दोघी प्रामाणिक, एकमेकींच्या लाजेपायी महिनोन्महिने वाटाणे कुटत होत्या.

"तुमची लाज तुम्ही इथे हीटरपाशी ठेवा," वहिनी शेवटी म्हणाल्या, "मी माझी बाहेर खुंटीला टांगून आत जाते."

वर्षअखेर जवळ आली होती. एकाच मोठ्या खेपेपुरता वेळ उरला होता.

त्या सकाळी वहिनी जाकीट चढवून आत गेल्या आणि मॅडम बाहेर राहिल्या. बाहेर राहणं त्यांना जमेना. दाराशी जायच्या, मुठीला हात लावायच्या, परत यायच्या. मी पंख्याच्या पत्र्याचे स्क्रू उगाच काढून बसलो होतो. त्यांना म्हणालो, "मॅडम, ही वाटी धरा. स्क्रू हरवतात." त्या दोन्ही हातांनी वाटी धरून स्टुलावर बसल्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या.

आत आवाज सुरू झाला. गोल, सावकाश. मग थांबला.

"थांबला!" मॅडम उठल्या. वाटीतले स्क्रू सांडले. "काय झालं? पडल्या का त्या?"

"थांबू द्या."

"पण किती वेळ..."

"थांबू द्या, मॅडम."

आवाज पुन्हा सुरू झाला. गोल, सावकाश. मी गुडघ्यांवर बसून स्क्रू गोळा केले. न हलता बसून राहायला मॅडमना त्या सकाळी जेवढे कष्ट पडले, तेवढे मला अख्खा पंप बसवताना पडले नसतील. त्या बसून राहिल्या. आत एक बाई मनातल्या मुकादमाला दाबून धरून होती, आणि तेही काही कमी जोराचं काम नसावं. बाहेर आल्या तेव्हा वहिनींच्या कपाळावर घाम होता. शीतखोलीतून घाम पुसत आलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

गाळलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. ठिपका पडला. मॅडमनी तो चित्रकाराच्या मऊ कुंचल्याने थोड्या पाण्यात उतरवला. त्यातला थेंब परीक्षेला घेतला. रेघ उतरू लागली. इंधन जळत होतं. मॅडमनी औषध घेतलं. वहिनींनी खालून त्यांचं मनगट धरलं. औषध पडलं.

रेघ थोडी उतरली, वाकली आणि आडवी झाली. आडवीच राहिली. कागद सरकत होता, पेन जागेवर होतं.

"थांबलं," मॅडम म्हणाल्या.

"बंद पडलं का?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"थांबलं, मावशी. टोपी जागेवर आहे."

मॅडम रडल्या. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी हात काखेत दाबले आणि विचारलं, "मग आता भांडी धुऊ का?"

खेप दुसऱ्या शहरात गेली. फोटो आले. राखाडी धुक्यात फिकट ठिपके. मला त्यात काही दिसलं नाही, पण मॅडमनी बोट ठेवून दाखवलं: हे डोकं, हा बाजूचा खांब, आणि वर ही जराशी उंच जागा, ती टोपी. वहिनींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "एवढीशीच?" मग पुन्हा जवळ नेला.

तज्ज्ञ आले आणि समाधानाने गेले. काम पुढे चाललं. लगेच कायम वगैरे झालं नाही. तसं गोष्टीत होतं. आणखी काही वर्षं रोजंदारीच. शेवटी एकदा मुलाखत झाली. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "काम काय करता?"

"वाटते."

"एवढंच?"

"आणि थांबते, साहेब. वेळेवर."

साहेबांना वाटलं, बाई वेळेवर घरी जाते. तरी त्यांनी सही केली.

कायम झाल्यावरसुद्धा नळ लगेच आला नाही. आधी छत गळत होतं, ते झालं. मग सासूबाईंचं दवाखान्याचं निघालं. सासूबाई मात्र ठाम होत्या. "नळ आल्याशिवाय मी जात नाही. उगाच सुनेचे पैसे वाचायला नकोत." वहिनी शीतखोलीत जात राहिल्या, पहाटेच्या बादल्या चढवत राहिल्या. बोटांच्या भेगा हिवाळ्यात उघडायच्या, उन्हाळ्यात मिटायच्या.

नळ मी बसवला. मजुरी देऊ केली, ती मी घेतली नाही, त्यावरून भांडण झालं, मग जेवायला थांबलो. गच्चीवरून पाइप आणला, भिंतीला पकडी ठोकल्या, गीझर टांगला. प्रत्येक पकड हलवून पाहिली. पाइप हलता कामा नये, नाहीतर सांधे गळतात. शेवटचा नट आवळताना जिथे सोडायचा तिथेच हात सोडला.

पहिलं पाणी सासूबाईंना. पडद्याआडून आरोळी आली, "चटका बसला गं! मारतेस का मला?" मग जरा वेळाने, हळू आवाजात, "रोज असंच येणार का हे? बंद नाही ना व्हायचं?"

"नाही, आई. रोज येणार."

"स्टोव्हच्या पाण्याची ऊब वेगळी होती," म्हातारी म्हणाली. पण उठेना. वहिनींनी त्यांना आधार देऊन उठवलं, कोरडं करून पलंगावर नेलं, पांघरूण घातलं. मी हत्यारं आवरत होतो.

वहिनी परत मोरीत आल्या. पडदा ओढायला विसरल्या. त्यांनी नळ सोडला आणि दोन्ही हात धारेखाली धरले. तळवे वर, मग पालथे. बोटांना भेगा होत्या, नखं निळसर होती. वाफ वर येत होती. बादली लावली नव्हती. ज्या बाईने इतकी वर्षं पाण्याचा तांब्यासुद्धा दोनदा विचार करून ओतला, तिच्या हातांवरून गरम पाणी सरळ मोरीत वाहून जात होतं. त्या काही धूत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या.

पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अजून थोडा वेळ, दादा. मग बंद करते."

मी बाहेर उभा होतो. पाना हातात होता, काम संपलं होतं. मी म्हणालो, "असू द्या."